हेड हार्डन्ड रूळ टाकताय? मग या चुका टाळा

गेल्या महिन्यात एका साइटवरून पुन्हा तसाच फोटो आला. नुकताच ओतलेला थर्मिटचा, म्हणजे वितळलेलं पोलाद ओतून रूळ जोडण्याचा, सांधा, त्यावर ओलं गोणपाट, गोणपाटातून निघणारी वाफ. खाली प्रश्न: "सर, असं केलं की लवकर गार होतो. चालेल ना?"

नाही चालणार. पंचवीसेक वर्षं मी रुळांच्या कामात आहे आणि हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. प्रत्येकाला वेगळं समजावत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढतो.

आधी हेड हार्डन्ड, म्हणजे माथा कडक केलेला, रूळ वेगळा कशामुळे, ते बघू. साधा आर२६० प्रतीचा रूळ आणि उष्मोपचार केलेला आर३५०एचटी प्रतीचा हेड हार्डन्ड रूळ शेजारी शेजारी ठेवले तर नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. रसायनातही फार अंतर नाही, दोन्हींत कार्बन साधारण पाऊण टक्का. तरीही साध्या रुळाचा हार्डनेस २६० ते ३०० ब्रिनेल आणि उपचार केलेल्याचा ३५० ते ३९०. ताण सोसायची किमान मर्यादा एकाची ८८० मेगापास्कल, दुसऱ्याची ११७५. हे सगळं गार करण्याच्या पद्धतीतून येतं. रूळ लालभडक असताना कारखान्यात त्याच्या माथ्यावर हवेचा झोत किंवा पाण्याचा बारीक फवारा मोजूनमापून सोडतात. त्यामुळे आतली पर्लाइटची रचना बारीक होते. चिरोटा डोळ्यांसमोर आणा. पर्लाइटमध्ये मऊ फेराइट आणि कडक सिमेंटाइट यांचे असेच एकाआड एक पापुद्रे असतात, आणि पापुद्रे जितके पातळ तितका रूळ टणक.

टणक म्हणजे ठिसूळ, ही समजूतही डोक्यातून काढा. तुटेपर्यंत साधा रूळ किमान १० टक्के लांबायला हवा, आणि हा किमान ९ टक्के. बारीक पर्लाइट कडक असूनही चिवट राहतो. पण तो तसा झालाय कारखान्यातल्या त्या काही मिनिटांत. साइटवर तुम्ही त्याला पुन्हा लाल केलंत की ती मेहनत तेवढ्या भागापुरती पुसली जाते. पुढच्या बहुतेक चुका याच एका गोष्टीच्या आहेत.

सांध्यावर पाणी

साधारण दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कारखान्याच्या साइडिंगवर तीव्र वळण होतं, म्हणून मालकाने तिथे चांगले हेड हार्डन्ड रूळ मागवले होते. शेवटचे दोन सांधे राहिले होते आणि कोळशाचा रेक, म्हणजे मालगाडी, बाहेर येऊन उभा. डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड, चालू झालेलं, कारखान्याचा माणूस दर पाच मिनिटांनी घड्याळ दाखवत होता. मी दुसऱ्या टोकाला लेव्हल बघत होतो. परत आलो तेव्हा ठेकेदाराचा पोरगा बादलीने सांध्यावर पाणी ओतत होता. माथ्यावरचं जास्तीचं पोलाद ट्रिमरने नुकतंच कापून झालं होतं. मी ओरडलो. वेल्डर काका खाली मान घालून म्हणाले, "साहेब, मी नको म्हणत होतो." रेक आत आला, माल उतरला, सगळे खूश. सांधा कापून पुन्हा करा असं मी लेखी दिलं. "दिसायला तर छान आहे," एवढंच उत्तर मिळालं.

डिसेंबरातल्या एका पहाटे पाचच्या सुमारास वॉचमनला बार उडाल्यासारखा आवाज ऐकू आला. सांधा तुटला होता, फट बोटभर. तुटलेलं तोंड मी हातात घेऊन पाहिलं, ते अजून डोळ्यांसमोर आहे. सगळीकडे साखरेसारखं चमकणारं ताजं, दाणेदार पोलाद. फक्त माथ्याच्या कडेला अंगठ्याच्या नखाएवढा एक काळपट अर्धगोल. तो काळा भाग म्हणजे जुनी चीर. पाणी पडलं त्या दिवशी सुरू झालेली आणि प्रत्येक वॅगनच्या चाकाखाली थोडीथोडी वाढलेली. थंडीत रूळ आकसतो आणि लांब जोडलेल्या रुळात त्यामुळे ओढीचा ताण तयार होतो. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात तापमान एका अंशाने उतरलं की पावणेदोन ते दोन टनांचा. पंधरा-वीस अंश उतरले की किती होईल, हिशेब करा. त्या ताणाला नखाएवढी चीर पुरली.

पाण्याने नेमकं काय होतं? पोलाद लाल असताना त्यातला कार्बन विरघळलेल्या अवस्थेत असतो. सावकाश गार झालं तर कार्बनला बाजूला सरकून पापुद्रे बनवायला वेळ मिळतो. एकदम गार केलं तर कार्बन जागच्या जागी अडकतो आणि मार्टेन्साइट तयार होतं. ते काचेसारखं असतं, भयंकर कडक आणि तितकंच ठिसूळ. कुणी म्हणेल, कारखान्यातही पाण्याचाच फवारा असतो की. असतो, पण तिथे पर्लाइट व्हायला पुरेल इतकाच वेग ठेवतात, आणि त्यासाठी सेन्सर, नोझल आणि अख्खी लाइन बसवलेली असते. बादलीला असा मोजलेला वेग नसतो.

दिवसा काम करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. उन्हात लाली दिसत नाही. अंधारात साडेपाचशे-सहाशे अंशांचं पोलादही तांबूस दिसतं. भर दुपारी सातशेचंसुद्धा काळंच वाटतं. "लाल नव्हता सर, काळा पडला होता" हे मी किती वेळा ऐकलंय. मी सांध्यावर ताडपत्री आडवी धरून सावलीत बघतो आणि पिशवीत ३५० अंशांचा तापमान खडू ठेवतो. खडूची रेघ वितळते आहे तोवर त्या सांध्याला कुणी हात लावायचा नाही. ओतल्यापासून अर्धा तास गाडी नाही, हा नियम आहे. मी पाऊण तास धरतो. पावसाची चिन्हं असतील तर सांध्यावर पत्र्याची छत्री आधी उभी राहते, मग पोर्शन, म्हणजे सांध्याच्या मिश्रणाची पिशवी, उघडतो. ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवून मिळालेला वेळ, अपुरा असेल तर सांधा ओतायचाच नाही. जॉगल्ड फिशप्लेट, म्हणजे सांध्याला बाजूने आधार देणारी बाक दिलेली पट्टी, आणि क्लॅम्प लावून गाडी सावकाश काढा आणि दुसऱ्या दिवशी या. यात कमीपणा कसला?

गॅसने कापणं

नको. कडेला तेच मार्टेन्साइट. डिस्क कटर वापरा. गॅसने कापलेलं टोक पुढ्यात आलंच, तर मी हातभर मागे घेऊन पुन्हा कापतो. बोल्टाची भोकं ड्रिलनेच पाडायची आणि कडा घासून गोल करायच्या. गॅसने पाडलेल्या भोकाला पुढे ताऱ्यासारख्या चिरा फुटतात.

भलताच पोर्शन

पिशवीवरचा ग्रेड वाचा आणि रुळाच्या वेबवरची, म्हणजे मधल्या उभ्या भागावरची, उठावाची अक्षरंही वाचा. साध्या रुळाचा पोर्शन कडक रुळाला वापरला की सांधा मऊ राहतो आणि काही महिन्यांत त्याला खळगा पडतो. मग प्रत्येक चाक तिथे आदळतं, खडी पांढरी होते आणि देखभालीची गँग बिचारी खाली खडी ठोकून ठोकून थकते. पावसात भिजलेली पिशवी चुलीशेजारी वाळवून वापरणारेही पाहिले आहेत. भिजली की ती बाद.

पोर्शन बरोबर असला तरी सांध्याच्या दोन्ही बाजूंना काही सेंटिमीटरचा पट्टा मऊ पडतोच, कारण तिथला उष्मोपचार पुसला जातो. विजेने तापवून आणि दाबून जोडायच्या फ्लॅश बट सांध्यात हा पट्टा अरुंद असतो, थर्मिटमध्ये रुंद. म्हणूनच मी सांधे कमीत कमी ठेवा असं म्हणतो. भिलाईहून २६० मीटरचे पॅनेल मिळतात. वाहतूक सोपी म्हणून त्याचे तुकडे करून आणायचे आणि इथे थर्मिटने जोडायचे, यासारखी वाईट काटकसर नाही.

"कडक रूळ आहे, आता दहा वर्षं बघायला नको"

ही माझ्या मते सगळ्यांत घातक चूक, कारण ती करणारे अडाणी नसतात. चांगले शिकलेले अभियंते हे बोलतात.

चाक आणि रूळ यांचा स्पर्श किती असतो? साधारण एका नाण्याएवढा. तेवढ्या जागेवर दहा-अकरा टन. वळणावर बाहेरच्या रुळाच्या गेज कॉर्नरला, म्हणजे माथ्याच्या आतल्या कोपऱ्याला, चाक घासत, सरपटत जातं. त्या रगडण्याने पृष्ठभागावर बारीक तिरप्या चिरा पडतात. त्यांना हेड चेक म्हणतात. साधा रूळ झिजतो पटकन, आणि झिजताना कोवळ्या चिराही घेऊन जातो. हेड हार्डन्ड रूळ सहजासहजी झिजत नाही. हाच त्याचा गुण. पण झीज कमी म्हणजे चीर पुसणारंही कुणी नाही. चीर तिथेच राहते, खाली उतरते आणि कधी कधी आत वळून आडवी जाते. तिथून पुढे रूळ कधी तुटेल ते सांगता येत नाही.

१७ ऑक्टोबर २००० रोजी इंग्लंडमध्ये हॅटफील्डला असंच झालं. वळणावरचा रूळ, गेज कॉर्नरच्या चिरा आधीपासून माहीत होत्या, बदली रूळही आणून ठेवलेला. गाडी गेली आणि रुळाचे ३०० हून अधिक तुकडे झाले. ४ जण गेले. त्यानंतर महिनोन्‌महिने ब्रिटनभर वेगमर्यादा लावाव्या लागल्या. चीर दिसत होती आणि काम पुढे ढकललं गेलं, हे आठवलं की मला आजही अस्वस्थ वाटतं.

यंत्राची तपासणी आहे ना, असं म्हणून गप्प बसू नका. पृष्ठभागावर चिरांची दाटी झाली की अल्ट्रासॉनिकचा आवाज तिथूनच परततो आणि खालचा मोठा दोष झाकला जातो. उपाय ग्राइंडिंगचा, तोही चिरा दिसायच्या आधी. नवा रूळ टाकल्यावर लवकरच पहिला हात फिरवायचा आणि पुढे वाहतुकीच्या टनांवर हिशेब ठेवून प्रत्येक वेळी थोडंथोडं काढायचं. चिरा दोन-तीन मिलिमीटर खोल गेल्यावर यंत्र आणलं तर माथाच संपतो.

माझी स्वतःची सवय सांगतो. पायी फिरताना वळणावर दर काही स्लीपरांनंतर बसतो आणि गेज कॉर्नरवरून नख आडवं ओढतो. नख खरखर अडकलं तर तिथे फडक्याने रॉकेल लावतो, दोन मिनिटं थांबून कोरडं पुसतो आणि वर खडूची पूड भुरभुरवतो. चिरांत मुरलेलं रॉकेल पुडीत उमटतं आणि माशाच्या खवल्यांसारख्या तिरक्या रेषा स्पष्ट दिसतात. एकदा एका तरुण साहेबाला हे दाखवलं. तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग खिशातून डायरी काढून त्याने किलोमीटर लिहून घेतला. अशी मुलं भेटली की बरं वाटतं.

घाटात काम करणाऱ्यांना हे जास्त लागू. भोर घाट असो की थळ घाट, ३७ ला १ चा चढ आणि वळणावर वळण. मागे बँकर इंजिनं जोर लावत असतात. हेड हार्डन्ड रुळाची खरी जागा हीच. पण पावसात चाक जागच्या जागी फिरलं की क्षणभरात रुळाचा माथा तापतो आणि खालचं गार पोलाद ती उष्णता लगेच शोषून घेतं. म्हणजे बादली न ओतताही तेच मार्टेन्साइट. असा व्हील बर्न दिसला की त्याच दिवशी नोंद करा आणि खालच्या चिरेची तपासणी मागवा. आणि वंगण लावायचं ते गेज फेसला, म्हणजे माथ्याच्या आतल्या बाजूला. माथ्यावर सांडू द्याल तर चाकं घसरतील. शिवाय चिरेत शिरलेलं तेल चाकाच्या दाबाने चीर आणखी फाकवतं.

हार्डनेस मोजताना

नवीन रुळांवर हातातलं यंत्र टेकवून "३०५ आला, माल परत पाठवा" असा गोंधळ मी दोनदा निस्तरला आहे. रोलिंगच्या वेळी रुळाच्या पातळ कातडीतला कार्बन जळतो, तिथला आकडा कमीच येणार. अर्धा मिलिमीटर घासून काढा, जागा गुळगुळीत करा, मग मोजा. घासताना पोलाद निळं पडलं तर तुम्ही ते तापवलंत. ती जागा सोडा आणि दुसरी घ्या. शिवाय एकाच ठिकाणचा आकडा पुरेसा नाही, मी पाच घेतो.

खालच्या भागाकडे दुर्लक्ष

कडकपणा फक्त माथ्यात असतो, वरचे पंधरा-वीस मिलिमीटर. वेब आणि फूट, म्हणजे रुळाचा तळ, साधेच. पहारीचे घाव, साखळीचे ओरखडे, ट्रकवरून ढकलून उतरवणं, हे सगळं फूटला लागतं आणि तुटायची सुरुवात अनेकदा तिथूनच होते. गंजालाही उष्मोपचाराने काही फरक पडत नाही. कोकणातल्या बोगद्यांत लायनरखाली, म्हणजे रूळ आवळणाऱ्या चावीखालच्या पट्टीखाली, काय चाललंय ते चावी काढूनच बघावं लागतं, वरून माथा कितीही चकचकीत दिसो.

वेल्डिंगची अर्थ रुळाला

शेजारी कुंपणाचं नाहीतर खांबाचं काम चालू असतं आणि वेल्डर सोयीची म्हणून अर्थची क्लिप रुळाला लावतो. क्लिप सैल असली की ठिणगी उडते आणि मोहरीएवढा डाग पडतो. तो डागसुद्धा मार्टेन्साइटच. मी माझ्या हद्दीत काम सुरू करण्याआधी बाहेरच्या प्रत्येक वेल्डरला गाठून हे सांगतो. डाग पडलाच तर घासून काढायचा, रॉकेल-खडूने चीर नाही ना ते बघायचं आणि पांढऱ्या रंगाने वेबवर तारीख लिहायची, म्हणजे पुढच्या फेरीत रूळ तपासत फिरणाऱ्या कीमनला तिथे थांबता येतं.