साथ चालू असताना क्रूझला जायचं की नाही, ठरवायचं कसं

क्रूझचा विषय निघाला की सगळे एकच विचारतात, तिथं गेल्यावर मला लागण होईल का हो? याचं उत्तर कोणाकडेच नसतं, डॉक्टरकडे नाही आणि तिकीट विकणाऱ्याकडे तर नाहीच नाही. त्यामुळे तो प्रश्न बाजूला ठेवा आणि दुसरा विचारा: समजा प्रवासाच्या तिसऱ्या दिवशी मी पॉझिटिव्ह निघालो तर मला कुठं ठेवतील, औषधपाणी कोण करेल, खर्च कोण देईल आणि मी घरी कसा पोचेन? या चारही गोष्टींची उत्तरं तुमच्याकडे असतील आणि ती तुम्हाला झेपणारी असतील तर खुशाल जा, नसतील तर ऑफर कितीही भारी असू दे, सोडून द्या. पुढं जे लिहिलंय ते ही उत्तरं शोधायची कशी याबद्दल.

आधी जहाजाचं वेगळेपण समजून घ्या. हॉटेलात कोणी आजारी पडलं तर तुम्ही बॅग उचलून निघू शकता, जहाजावरून निघता येत नाही, आणि उतरायचं की नाही हे तुमच्याही हातात नसतं आणि कॅप्टनच्याही नसतं, ते किनाऱ्यावरचं सरकार ठरवतं. वर पुन्हा हजारो माणसं तेच जिने, त्याच लिफ्ट, तेच जेवणाचे हॉल वापरतात आणि संध्याकाळी एकाच बंद थिएटरात बसतात.

कोविडच्या सुरुवातीचं, २०२० च्या फेब्रुवारीतलं डायमंड प्रिन्सेस जहाज आठवत असेलच. हाँगकाँगचा एक प्रवासी २५ जानेवारीला उतरून गेला होता, तो १ फेब्रुवारीला पॉझिटिव्ह निघाला. तोवर जहाजावर सगळं नेहमीसारखं चालू, शो, बफे, सगळं. ३ तारखेला जहाज जपानमधल्या योकोहामाला आलं आणि ५ तारखेपासून प्रवाशांना केबिनमध्ये बंद केलं. जहाजावर ३,७११ माणसं होती, त्यातली शेवटी ७१२ पॉझिटिव्ह निघाली आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना टेस्ट झाली तेव्हा कसलंच लक्षण नव्हतं. प्रवासी निदान आपापल्या केबिनमध्ये तरी होते, क्रूची माणसं मात्र एका खोलीत दोघं-तिघं राहत होती आणि दिवसभर दारोदार जेवणाचे ट्रे पोचवत होती, मग केबिनमध्ये बंद करण्याचा जेवढा फायदा व्हायला हवा तेवढा कसा होणार.

'पण साथीत चढायच्या आधी टेस्ट करतात ना?' कोविडच्या काळात करत होते, आणि साथीत करायलाच हवी, पण तिच्यावर सगळा भरवसा टाकू नका. काल लागण झालेल्या माणसाची टेस्ट आज निगेटिव्ह येऊ शकते. ताप बघणं तर त्याहून कच्चं. ग्रेग मॉर्टिमर नावाचं छोटं जहाज मार्च २०२० मध्ये अंटार्क्टिकाच्या बाजूला निघालं होतं, चढताना सगळ्यांचा ताप तपासला, जागोजागी सॅनिटायझर ठेवले, तरी नंतर टेस्ट केल्यावर २१७ जणांपैकी १२८ पॉझिटिव्ह, आणि त्या १२८ मधल्या दर पाचांत चौघांना काहीच जाणवत नव्हतं. म्हणजे जहाज छोटं आहे, माणसं कमी आहेत, सगळे तब्येतीनं ठणठणीत दिसतायत, यावर जाऊ नका.

आणि गंमत बघा (गंमत कसली), आजार नसतानाही अडकायला होतं. वेस्टरडॅम जहाजावर कोविड नव्हताच हे नंतर स्पष्ट झालं, तरी जपान, तैवान, फिलिपिन्स, ग्वाम, थायलंड सगळ्यांनी त्याला नको म्हटलं आणि शेवटी १३ फेब्रुवारी २०२० ला कंबोडियानं सिहानूकविल बंदरात येऊ दिलं. झानडॅमवर तर आजारही होता, चारजण दगावले, आणि एकामागून एक बंदर नाही म्हणत असताना ते जहाज दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडून पनामा कालव्यातून २ एप्रिलला फ्लोरिडात पोचलं. तेव्हा बुकिंग करताना नकाशावरची सुंदर बंदरं बघू नका नुसती, त्या त्या देशानं आजारी जहाज घेतलंय का, आणि त्यांचे आत्ताचे नियम काय आहेत, ते बघा. तुम्हाला अचानक तिथं उतरवलं तर तुमच्या पासपोर्टला व्हिसा लागतो का हेसुद्धा. हे कोणी बघतच नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. फेब्रुवारी २०२० मध्ये लस नव्हती, औषध नव्हतं, टेस्ट किट पुरेसे नव्हते. अमेरिकेत सीडीसीनं (तिथली सरकारी आरोग्य संस्था) १४ मार्च २०२० ला जहाजांना बंदी घातली, त्या वर्षी ३० ऑक्टोबरला बंदीच्या जागी अटींची यादी आली, आणि प्रवासी घेऊन जहाजं तिथून पुन्हा निघायला जून २०२१ उजाडलं. तेव्हा बहुतेक ठिकाणी लस घेतलेलेच लोक चढत होते, पॉझिटिव्ह लोकांसाठी वेगळ्या केबिन राखून ठेवलेल्या होत्या. केसेस त्याही जहाजांवर झाल्या पण योकोहामासारखी परिस्थिती झाली नाही. त्यामुळे साथीचा कुठला टप्पा चालू आहे त्यावर खूप अवलंबून आहे. आजार नवीन आहे, लस नाही, पसरतो कसा यावर अजून भांडणं चालू आहेत, अशा वेळी माझं मत सरळ आहे, जाऊ नका, विषय संपला. पुढचं सगळं लस किंवा उपचार हाताशी आल्यानंतरच्या काळासाठी.

पहिलं, घरातली माणसं. लोक फक्त स्वतःचं वय आणि शुगर-बीपी बघतात. पण परत येऊन तुम्ही कोणासोबत राहणार आहात? घरात केमो चालू असलेलं कोणी, तान्हं बाळ, ऐंशीच्या पुढची आजी, यातलं कोणी असेल तर परत आल्यावर काही दिवस वेगळं राहायची सोय आहे का ते आधी बघा, नसेल तर हाच मुद्दा निकाल लावायला पुरेसा आहे. आणि तुम्हाला स्वतःला दम्यासारखं काही असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरला 'क्रूझला जाऊ का' असं विचारू नका, ते 'काळजी घ्या' म्हणून मोकळे होतील. त्यांना विचारा की समुद्रात असताना मला श्वासाचा त्रास झाला आणि मोठं हॉस्पिटल दीड दिवस लांब असेल तर माझं काय होईल. मग बघा उत्तर कसं बदलतं ते. जहाजावर डॉक्टर असतो, नर्स असतात, थोडीफार ऑक्सिजनची सोय असते, पण ते हॉस्पिटल नव्हे. गंभीर पेशंटला किनाऱ्यावर पाठवायचं एवढंच त्यांच्या हातात असतं, आणि हेलिकॉप्टर प्रत्येक ठिकाणी पोचतंच असं नाही.

दुसरं, जास्तीचे दोन आठवडे. प्रवास सात दिवसांचा असेल तर हिशेब एकवीस दिवसांचा करा. एवढी रजा मिळेल का, एवढी गोळ्या-औषधं सोबत नेता येतील का, मुलांना मागं ठेवून जाताय तर त्यांना तोवर कोण बघेल, कुत्रं कुठं राहील, लोनचा हप्ता वेळेवर जाईल का. हे कागदावर लिहून काढा, खरंच लिहा, मनातल्या मनात सगळं जमतंच नेहमी.

तिसरं पैसे, आणि इथं जरा थांबून वाचा कारण सगळ्यात जास्त लोक इथंच फसतात. कंपनी म्हणते 'टेन्शन घेऊ नका, कॅन्सल करता येतं'. पण कॅन्सल केल्यावर काय मिळतं, रोख रिफंड की पुढच्या क्रूझचं क्रेडिट? क्रेडिट म्हणजे तुमचे पैसे त्यांच्याकडेच, वर मुदतही असते, आणि मधल्या काळात कंपनीच बुडाली तर तेलही गेलं तूपही गेलं. शिवाय कॅन्सल तुम्ही केलं तर एक नियम आणि कंपनीनं केलं तर दुसरा. तुम्ही पॉझिटिव्ह आल्यामुळे बंदरावरूनच परत पाठवलं तर तिसरा. तिन्ही वेगवेगळे वाचा. आणि मधलं एखादं बंदर गाळलं किंवा रस्ता बदलला तर बहुतेक कंपन्यांच्या करारात भरपाई द्यायचं बंधन नसतं, फार तर त्या बंदराची फी परत येते.

इन्शुरन्सचं तर विचारूच नका. बऱ्याच पॉलिसींमध्ये साथ हा 'आधीपासून माहीत असलेला धोका' म्हणून बाहेर काढलेला असतो, आणि 'मला भीती वाटली म्हणून गेलो नाही' हे कारण साध्या पॉलिसीत कधीच चालत नाही. कुठल्याही कारणानं कॅन्सल करता येणारी पॉलिसी काही देशांत मिळते पण ती महाग असते, पैसे पूर्ण देत नाही, साधारण अर्धे ते पाऊण, आणि पहिलं पेमेंट केल्यावर दोन-तीन आठवड्यांच्या आतच घ्यावी लागते. पॉलिसी विकणाऱ्याला फोनवर नका विचारू, ईमेल करा आणि चार गोष्टी लेखी मागा: या साथीच्या आजाराचा दवाखान्याचा खर्च समुद्रात असताना कव्हर आहे का, जहाजावरून उचलून किनाऱ्यावर न्यायचा खर्च किती रकमेपर्यंत, क्वारंटाइनमधलं राहणं-जेवण आहे का, आणि उशिरा परत येताना लागणारं नवीन विमानाचं तिकीट. उत्तर गोलमोल आलं तर ते 'नाही' समजा. घरची रोजची हेल्थ पॉलिसी समुद्रात चालेल असं गृहीत धरू नका, आणि जहाजावरच्या दवाखान्याचं बिल बहुधा तुमच्या केबिनच्या खात्यावर चढतं, आधी भरा, मग क्लेमसाठी कागद नाचवा.

कंपनीलाही असंच खोदून विचारा. पॉझिटिव्ह माणसाला त्याच्याच केबिनमध्ये ठेवता की दुसरीकडे हलवता? सोबतच्याचं काय करता? मूल पॉझिटिव्ह आलं आणि आई-बाप निगेटिव्ह, मग? केबिनमध्ये बाहेरची ताजी हवा येते की आतलीच फिरवतात, फिल्टर कुठले आहेत? जहाज किती टक्के भरताय? माणसं 'आम्ही सर्व नियम पाळतो' असं म्हणून गप्प बसली तर समजून जा.

हे सगळं पार झालं आणि जायचंच ठरतंय, तर केबिन बाल्कनीची घ्या. आतली बिनखिडकीची केबिन स्वस्त असते आणि नेहमीच्या दिवसांत चालूनही जाते कारण आपण तिथं फक्त झोपायला येतो. पण तिथं बंद पडायची वेळ आली तर विचार करा, पलंगाच्या कडेनं चार पावलं चाललं की भिंत, बाथरूममध्ये वळायला जागा नाही, लाइट बंद केला की दिवस आहे का रात्र कळत नाही, आणि दिवसातून तीनदा दार वाजतं, ट्रे खाली ठेवलेला असतो आणि ठेवणारा निघून गेलेला असतो. बाल्कनीला पैसे देणं जमत नसेल तर माझ्या मते या काळात क्रूझच नको. पहिल्या वेळी तीन-चार दिवसांची घ्या, आणि शक्यतो अशी की जी तुमच्याच देशाच्या बंदरातून निघून तिथंच परत येते, म्हणजे विमानाची भानगड नको आणि उतरवायला कोणी नाही म्हणणार नाही. तरीसुद्धा सरकारं कधी काय करतील सांगता येत नाही.

अजून एक, निर्णय एकदाच घेऊन मोकळं होऊ नका. बुकिंग आणि प्रवास यात कित्येक महिने असतात आणि तेवढ्यात चित्र पालटतं. २०२१ च्या उन्हाळ्यात लोकांनी निर्धास्त बुकिंग केलं, मग कोविडचा ओमायक्रॉन हा नवा प्रकार आला आणि ३० डिसेंबरला सीडीसीनं सांगितलं की लस घेतली असली तरी क्रूझ टाळा, आणि मार्च २०२२ संपता संपता तो इशारा काढूनही टाकला. त्यामुळे कॅलेंडरमध्ये खुणा करा. पहिली फायनल पेमेंटच्या आठवडाभर आधी, कारण त्या तारखेनंतर पैसे अडकतात, ती साधारण दोन-तीन महिने आधी असते. दुसरी निघायच्या दोन आठवडे आधी, तिसरी तीन दिवस आधी. आणि कुठल्या परिस्थितीत रद्द करायचं तेही आत्ताच सोबतच्या माणसाशी बोलून ठेवा, उदाहरणार्थ वाटेतल्या एखाद्या देशानं जहाजं घेणं थांबवलं, किंवा घरात कोणी आजारी पडलं तर रद्द, चर्चा नाही. बॅगा भरल्यावर माणूस स्वतःला काहीही पटवून देतो.

जाणाऱ्यांनी औषधं जास्तीच्या दोन आठवड्यांची घ्या आणि ती हातातल्या बॅगेत ठेवा, मोठी बॅग केबिनमध्ये उशिरा येते. थर्मामीटर, ऑक्सिमीटर, चांगले मास्क, घरी करायच्या टेस्ट, प्रिस्क्रिप्शनचे फोटो, इन्शुरन्सचा इमर्जन्सी नंबर कागदावर लिहिलेला. निघायच्या आधीचे आठ-दहा दिवस लग्न-पार्ट्या टाळा, नाहीतर बंदरावरच टेस्ट पॉझिटिव्ह येऊन घरी. वर चढल्यावर उघड्या डेकवर जेवा, लिफ्ट भरलेली असेल तर जिना घ्या, थिएटर आणि कॅसिनोला या खेपेला सुट्टी द्या. हात साबणानंच धुवा, जहाजांवर नोरोव्हायरस म्हणजे जुलाब-उलट्यांची साथ नेहमीचीच आणि तिच्यावर सॅनिटायझरचा फारसा उपयोग होत नाही. आणि घसा दुखायला लागला तर लपवू नका, 'दोनच दिवस राहिलेत' म्हणत गोळ्या खाऊन बुफेला जाणारे महाभाग असतात, त्यांच्यामुळे तुमचा ट्रे आणून देणारा पोरगा आजारी पडतो आणि त्याला तर उतरून घरीही जाता येत नाही. २०२० मध्ये प्रवासी उतरल्यावरही क्रूची हजारो माणसं कित्येक महिने समुद्रातच होती.

परतीच्या दिवशीच ऑफिसला जायचं ठरवू नका. तीन-चार दिवस घरून काम मागून ठेवा आणि दोनदा टेस्ट करा, मधे एक-दोन दिवसांचं अंतर ठेवून.