आकाशाचं पहिलं प्रदर्शन: सोलापुरात काम करणाऱ्यांसाठी

आकाश हा विषय घेऊन जलरंगातल्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन करायचं ठरलं की नवा चित्रकार आधी दुकानात जाऊन चार तऱ्हेचे निळे आणतो. सोलापुरात ते फारसे कामी येत नाहीत. मार्च ते मे इथलं आकाश पांढुरकं, धुळकट असतं. क्षितिजाकडे बघताना आपली नजर हवेच्या आणि धुळीच्या कितीतरी जाड थरातून जाते, म्हणून तिथला निळा विरतो आणि मातकट होतो. डोक्यावर मात्र तो गडद राहतो. वर अल्ट्रामरीन (गडद, जांभळट निळा), मध्ये कोबाल्ट (मऊ निळा) आणि खाली पातळ रॉ सिएना (पिवळट मातीचा रंग), एवढ्यात इथला उन्हाळा रंगवता येतो. ढगांच्या सावलीचा करडा अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना (तांबूस मातीचा रंग) यांच्या मिश्रणातून काढावा. काळा वापरला की ढग धुरासारखा दिसतो. थॅलो ब्लू हा तीव्र निळा सुरुवातीला घेऊच नका. तो कागदात मुरतो आणि नंतर टिश्यूने ढग उचलायला गेलात तरी निघत नाही.

जलरंगाची खरी अडचण कोरडी हवा ही आहे. एप्रिलमध्ये दुपारी ओला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पसरट थर, निम्म्यावर येईपर्यंत वरची कड वाळलेली असते. मग घाईघाईने पाण्याचा ब्रश फिरवला जातो आणि कोबीच्या फुलासारखा डाग उमटतो. अर्धवट वाळलेल्या रंगावर त्याहून ओला ब्रश लागला की पाणी रंग ढकलत कडेला नेतं, त्यातून तो डाग होतो. उपाय साधा आहे. पूर्ण सुती, 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, जाड) कागद दोन्ही बाजूंनी पाच-सात मिनिटं भिजवून अॅक्रिलिक शीटवर चिकटवा. खालची बाजू ओली असल्याने वॉश जास्त वेळ ओला राहतो. पेलाभर पाण्यात ग्लिसरीनचे दोन-चार थेंब टाकले तरी चालतं, पण जास्त झाले तर रंग चिकट राहतो आणि त्यावर धूळ बसते. काम सकाळी नऊच्या आत उरका. वॉश वाळल्यावर फिका पडतो, म्हणून ओला असताना डोळ्याला थोडा जास्तच गडद वाटला पाहिजे.

बसायला जागा भरपूर आहेत. नान्नजच्या माळरानावर मध्ये काहीच येत नाही, त्यामुळे कागदाचा तीन चतुर्थांश भाग बेलाशक आकाशाला देता येतो. सिद्धेश्वर तलावाकाठी आकाश दोनदा मिळतं, मात्र पाण्यातलं प्रतिबिंब एक टोन, म्हणजे गडद-फिकेपणाची एक पायरी, गडद ठेवायचं. हिप्परग्याच्या तलावावर जायचं तर सप्टेंबरात जा. इथला मोठा पाऊस त्याच सुमारास पडतो आणि दुपारनंतर उभे ढग चढतात. त्यांचे तळ साधारण एकाच उंचीवर सपाट असतात. वरचे ढग मोठे आणि क्षितिजाजवळचे लहान, चपटे काढले की खोली आपोआप येते. सगळे एकाच मापाचे काढले तर आकाश पडद्यासारखं लोंबतं. इंग्लंडमध्ये जॉन कॉन्स्टेबल 1821-22 मध्ये हॅम्पस्टेडला ढगांचे अभ्यास करायचा, तेव्हा मागे तारीख, वेळ आणि वारा लिहून ठेवायचा. ही सवय लावून घ्या. पुढे चित्रांची शीर्षकं यातूनच निघतात, 'अनंत'सारखी नावं शोधत बसावं लागत नाही.

निवड करताना सगळ्या चित्रांचे मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. शेजारशेजारची दोन चित्रं त्यात सारखी दिसली तर एक काढून टाका. निळ्याच्या छटा वेगळ्या आणि टोन मात्र तोच, ही आकाशाच्या प्रदर्शनाची नेहमीची खोट आहे. तिसऱ्या चित्रापासून माणूस थांबायचं सोडतो.

मांडणीत कंजूषपणा चित्रांचा करावा, भिंतीचा नाही. 40 फूट भिंतीवर 22 इंच रुंदीच्या फ्रेम तेवढंच अंतर सोडून लावल्या तर अकरा बसतात. तेवढ्या पुरेत. अकरा लावून सहा उरल्या म्हणून त्या दुसऱ्या रांगेत टांगू नका. चित्राचा मध्य जमिनीपासून 58 इंचांच्या आसपास ठेवा. चित्राभोवतीचा पांढरा आम्लमुक्त माउंट (पुठ्ठ्याची चौकट) तीन इंच असावा, खालची बाजू अर्धा इंच जास्त. समोर आठ-दहा फुटांवर एक साधं बाकडं ठेवा. बसलेला माणूसच आकाश नीट बघतो.

हॉलच्या भिंती बहुधा पिवळसर असतात आणि वर पांढऱ्याफेक ट्यूबलाइट. त्या उजेडात रॉ सिएना मरतो आणि पहाटेचं आकाश आजारी दिसतं. शक्य असेल तर 4000 केल्विनचे (ना पिवळट, ना निळसर उजेडाचे), सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा आकडा) 90च्या वरचे एलईडी स्पॉट वरून तिरपे, साधारण 30 अंशांत लावा. सपाट समोरून लावले तर काचेत बघणाऱ्याचाच चेहरा दिसतो. गडद ढगांच्या चित्रांना हे जास्त होतं, त्यांना तरी मॅट काच घाला. फ्रेमच्या पाठीला ब्राऊन पेपर चिकटवून फटी बुजवा, नाहीतर इथली धूळ महिन्याभरात माउंटवर रेघ ओढते.

तारखेचं एवढंच: मकरसंक्रांतीच्या सुमारास गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, भरतो, तेव्हा संध्याकाळी अख्खं गाव होम मैदानाकडे असतं, म्हणून ते दिवस टाळा. आणि उन्हाळ्यात केलंत तर हॉल दुपारी चारपर्यंत बंद ठेवला तरी काही बिघडत नाही, वेळ रात्री साडेआठपर्यंत वाढवून घ्या.