शुगर असताना चिकनचं ताट कसं वाढावं

रविवारी सोलापुरातल्या घरात चिकन शिजायला लागलं की शुगरवाल्या माणसाची धास्तावलेली नजर पातेल्यावर खिळते. खरं तर ती भाकरीच्या दुरडीवर हवी. कोंबडीच्या मांसात कर्बोदकं जवळपास नसतातच. साखर चढते ती भाकरीनं, भातानं.

चिकन घेताना कातडी काढायला सांगा. शिजलेलं 100 ग्रॅम, म्हणजे तळहाताएवढं, एका जेवणाला पुरे; त्यात 25 ते 30 ग्रॅम प्रथिनं येतात. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवा.

कालवण नेहमीसारखंच करा. कांदा, खोबरं, काळं तिखट, सगळं चालतं. तर्री मात्र पळीनं बाजूला काढा. गाड्यावरचं चिकन सिक्स्टी-फाइव्ह वेगळं: त्याला मैदा, कॉर्नफ्लॉवर फासलेलं असतं.

आता भाकरी. आपल्याकडे ती रश्श्यात कुस्करून खायची पद्धत, आणि गोची तिथेच होते. चुरा दबतो, रस्सा वाढत जातो, किती भाकरी झाल्या ते कळत नाही. कडक भाकरी तर पापडासारखी, कुरकुरीत. तीन कधी संपल्या पत्ता लागत नाही. मालदांडी मंगळवेढ्याची असली तरी ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात 70 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतातच. तंतू असल्यानं पांढऱ्या भातापेक्षा ती बरी, पण फुकट नाही. एकदा पीठ काट्यावर मोजा: 60 ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे साधारण 40 ग्रॅम कर्बोदकं. तेवढी आधीच ताटात घ्या आणि दुरडी आत ठेवून द्या. वर पुन्हा भात नको.

खाताना क्रम बदला. आधी काकडी, मुळा, कच्ची मेथी, मग चिकनचे पीस, कुस्करा शेवटी. या क्रमानं जेवणानंतरची साखर कमी उसळते. (पाहुण्यांच्या पंगतीत हे जमत नाही, मान्य.)

जेवून लगेच आडवं होऊ नका, पंधरा मिनिटं चाला. पहिल्या घासापासून दोन तासांनी ग्लुकोमीटर लावा. बऱ्याच जणांसाठी 180 च्या आत हे लक्ष्य असतं. तुमचं डॉक्टरांनी दिलेलं असेल तर तेच धरा.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर ‘आज नुसतं चिकनच खातो’ असं परस्पर ठरवू नका. भाकरी अजिबात नसली तर साखर एकदम खाली जाऊन घाम, थरथर सुरू होऊ शकते.

आकडा कॅलेंडरवर लिहा, शेजारी भाकरी किती ते. जास्त आला तर पुढच्या रविवारी अर्धी कमी करून बघा, चिकन तेवढंच ठेवा.