घंगाळाला भोक न पाडता कुंडी

बेळगाव-खानापूरकडं माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ कुंडी करायला काढतात आणि पहिलं काम म्हणजे तळाला भोक! त्याची गरज नाही.

१. काठाखाली बोट फिरवा. ठोक्यांनी कोरलेलं पणजीचं नाव, कधी साल लागतं. तिथं जोरात घासू नका.
२. तळात विटेचे दोन तुकडे, त्यावर झाडासकट प्लॅस्टिकची कुंडी.
३. साठलेलं पाणी दर चार दिवसांनी ओता, नाहीतर डास.

लग्नकार्याला घंगाळ पुन्हा मोकळं करता येतं, म्हणून मला यात वावगं वाटत नाही. वाड्याच्या कोरीव चौकटी कापून टीपॉय करणं मात्र पटत नाही.

घरातली मूर्ती १०० वर्षांहून जुनी असेल तर तिच्यात काही फेरफार करू नका; १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार तिची नोंदणी लागते.