शेतराखणीसाठी रायफल घेताना या चुका टाळा

तूर डोक्याएवढी झाली आणि हरभऱ्याला घाटे धरले की परभणी-हिंगोलीकडच्या रानात रोही (नीलगाय) आणि रानडुकरं रात्री मुक्कामालाच येतात. मग कुणीतरी सांगतं, "तीनशे पंधरा (.315) घ्या," दुसरा म्हणतो, "थर्टी-नॉट-सिक्सच (.30-06) घ्या, एकदाच काय ते." इथूनच चुकांची रांग लागते. रायफल निवडायची तर आधी परवाना बघायचा, मग काडतूस, मग आपलं रान, आणि शेवटी बंदूक. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

आधी इसार, मग परवाना

शस्त्र कायदा 1959 मध्ये गुळगुळीत नळीच्या बंदुकीला एक न्याय आहे आणि रायफलीला दुसरा. रायफल का हवी, याचं योग्य कारण जिल्हाधिकाऱ्यांना पटावं लागतं. बारा बोअरचा, म्हणजे गुळगुळीत नळीच्या छर्ऱ्याच्या बंदुकीचा, परवाना हातात असला म्हणजे रायफल घेता येईल असं धरून चालू नका. .303 आणि 7.62 हे लष्करी बोअर (नळीची मापं) सामान्य माणसाला निषिद्ध आहेत. परदेशी कॅटलॉगात दिसणारी .308 ही लष्करी 7.62 चीच जवळची बहीण. गंमत अशी की .30-06 ची गोळी त्याच जाडीची असते, तरी तो बोअर परवान्यावर मिळतो. म्हणून "तीसच आहे ना" यावर विश्वास ठेवू नका, नळीवर कोरलेला आकडा स्वतः वाचा. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात. घरात आजोबांची बंदूक तुमच्या नावावर असेल, तर तीही त्यात मोजली जाते.

परवान्याची हद्दही पाहा. नांदेड-देगलूरकडच्या माणसाला दुरुस्तीसाठी हैदराबाद जवळ वाटतं, पण परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर रायफल घेऊन सीमा ओलांडणं हाच गुन्हा ठरतो.

काडतुसाची चौकशी न करणं

भारतीय कारखान्याची .315 आणि तिचं काडतूस, ही आपल्याकडची सर्वांत सोयीची जोडी. .30-06 हेही देशात बनतं, पण प्रत्येक दुकानात असेलच असं नाही. .270 किंवा .275 च्या जुन्या विलायती रायफली अजून हातोहात फिरतात. शिकारी जिम कॉर्बेटची .275 होती म्हणून तिला मान आहे, किंमतही आहे. पण काडतूस परदेशी, महाग आणि कधी मिळेल ते मिळेल. रायफल देखणी, आणि पेटीत सात काडतुसं! दुकानदाराला विचारायचं ते एवढंच: हे काडतूस आज किती आहे आणि गेल्या वर्षी कितीदा आलं?

ताकद जास्त म्हणजे काम चांगलं, हा समज

तुरीच्या पट्ट्यात किंवा उसाच्या कडेला बार पन्नास ते ऐंशी मीटरवर होतो. तिथे .315 ची जड, बोथट गोळी पुरून उरते. .30-06 चा फायदा दीडशे मीटरच्या पुढे दिसतो: शंभर मीटरवर नेम बसवला तर दोनशेवर तिची गोळी साधारण दहा सेंटीमीटर खाली जाते, .315 ची किमान दुप्पट. त्या बदल्यात .30-06 चा धक्का खांद्याला जोरात बसतो, आणि धक्क्याला भिणारा माणूस चाप ओढताना डोळे मिटतो. मग दोष रायफलीला.

दुकानात नुसती चमक पाहणं

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. मॅगझीन (काडतुसांचा डबा) काढा, बोल्ट (मागचा सरकता दांडा) उघडा, चेंबर (काडतूस बसायची जागा) रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि करंगळीनं दोनदा खात्री करा. मग बोल्ट बाहेर काढा.

नळीत मागच्या बाजूनं पांढरा उजेड टाका. आटे (नळीतल्या पीळदार खाचा) टोकापर्यंत धारदार दिसले पाहिजेत. काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे. आत अंगठीसारखी सावली दिसली तर नळी तिथे फुगलेली आहे, ती रायफल परत ठेवा. नळीच्या तोंडाची कड ठेचलेली असेल तर गोळी एका बाजूला जाते.

.315 जुन्या ली-एनफिल्ड (ब्रिटिश लष्करी रायफल) धाटणीची असेल तर बोल्टवरचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळलाच पाहिजे. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसतो, चालतोही, पण बोल्ट आणि काडतुसाच्या बुडातली फट बदलते. फट जास्त झाली की उडालेल्या काडतुसाच्या केसवर (पुंगळीवर) बुडाजवळ चकचकीत कडं दिसतं, नंतर केस तिथेच फाटते आणि गॅस तोंडावर येतो. असं कडं दिसलं की पुढचा बार करू नका. परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे गेजनं मोजून घ्या.

रिकाम्या रायफलीचा बोल्ट जोरात बंद करा, दस्ता (खांद्याला टेकणारा लाकडी भाग) रबरी चटईवर हलका आपटा. खटका आपोआप पडला तर नकार द्या. चाप जड लागतो म्हणून स्प्रिंग कापून घेणारे आहेत, असली रायफल मचाणावर चढताना उडते.

दस्ता कोपराच्या खळीत टेकवा. बोटाचं पहिलं पेर चापावर सहज आलं पाहिजे.

"रायफल अडकते हो"

ही .315 ची नेहमीची तक्रार, आणि बहुतेक वेळा दोष भरण्यात असतो. या काडतुसाला बुडाशी कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की ती एकमेकींत अडकतात आणि बोल्ट पुढे सरकत नाही. भरताना प्रत्येक वरची कड खालच्या कडेच्या पुढे ठेवा. मॅगझीनचे ओठ (काडतूस धरणाऱ्या वरच्या कडा) वाकलेले असतील तर मात्र पकडीनं सरळ करत बसू नका, बदला.

चाप ओढला आणि बार झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला ठेवून तीस सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर तिथेच थांबा, बोल्ट काढून नळीतून आरपार पाहा. गोळी आत अडकलेली असताना दुसरा बार केला तर नळी फाटते.

नेम सरकत असेल तर आधी लाकूड तपासा. एप्रिल-मेच्या उन्हात ते आकसतं, पावसाळ्यात फुगतं, आणि नळीवरचा दाब बदलतो. दुर्बीण असेल तर माउंटचे स्क्रू पाहा. नेम बसवायचा तो परवानगीच्या रेंजवरच: आधी पंचवीस मीटरवर तीन बार, मग शंभरवर. पंचवीसवर एक सेंटीमीटरची चूक शंभरवर चार होते.

रान न पाहता घेणं

मराठवाड्याचं काळं रान सपाट आहे, गोळी अडवायला बांधाशिवाय काही नाही. .30-06 ची चुकलेली गोळी तीन किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते, आणि तेवढ्यात दोन-तीन आखाडे (शेतातली घरं), एखादी वस्ती आणि पाणी धरणारा सालगडी येतो. मचाणावरून खाली, मातीत जाईल असाच बार करता येत नसेल, तर त्या रानासाठी बारा बोअर बरी. बॅटरीच्या उजेडात रोही आणि मोकाट वळू सारखेच दिसतात.

आणि हे सगळं वन विभागाची लेखी परवानगी हातात असेल तरच. 1972 च्या वन्यजीव कायद्यापुढे शस्त्राचा परवाना शिकारीचा परवाना ठरत नाही. परवानगीत कोणता प्राणी, कोणतं गाव आणि कोणती मुदत लिहिली आहे, ते बार करण्याआधी वाचा.