लंडनमध्ये राहायला आलात? म्युझियम एका दमात बघू नका

नोकरी-शिक्षणासाठी लंडनला आलेले अनेकजण पहिल्याच महिन्यात ब्रिटिश म्युझियम उरकून टाकतात. सकाळी दहाला आत, संध्याकाळी पाचला बाहेर, पाय भरून आलेले, आणि मग वर्षभर तिकडे फिरकणं नाही. पर्यटकाचा इलाज नसतो. त्याचं परतीचं तिकीट ठरलेलं असतं, तुमचं नाही. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम), टेट मॉडर्न, नॅचरल हिस्टरी म्युझियम या सगळ्यांचा कायमचा संग्रह मोफत बघता येतो. पासपोर्ट, व्हिसा कोणी विचारत नाही. म्हणून एका फेरीत एक तास आणि फार तर दोन दालनं, एवढाच बेत ठेवा.

आधी वेळ ठरवा. सगळ्यात चांगला वार शुक्रवार. त्या दिवशी ब्रिटिश म्युझियम रात्री साडेआठपर्यंत, नॅशनल गॅलरी नऊपर्यंत आणि व्ही अँड ए दहापर्यंत उघडं असतं. सहानंतर शाळांच्या सहली आणि पर्यटकांच्या बस गेलेल्या असतात. नॅचरल हिस्टरी आणि सायन्स म्युझियमला मात्र शाळांच्या सुट्टीत जाऊ नका. फेब्रुवारीचा मध्य, मे महिन्याचा शेवट आणि ऑक्टोबरचा शेवट हे आठवडे कॅलेंडरवर खूण करून ठेवा, कारण तेव्हा रांग फुटपाथवर येते. २४ ते २६ डिसेंबर जवळजवळ सगळं बंद असतं.

मग मोफत तिकीट काढा. प्रवेश फुकट असला तरी ऑनलाइन वेळ आरक्षित केलेली बरी. गर्दीच्या दिवशी आरक्षण असलेल्यांना आधी आत सोडतात. त्याच वेळी वेबसाइटवर 'आज बंद असलेली दालनं' बघायला विसरू नका. दुरुस्तीसाठी किंवा कर्मचारी कमी असल्यामुळे दालनं अचानक बंद राहतात, आणि जी एक वस्तू बघायला तुम्ही अर्धं शहर ओलांडलं नेमकी तीच दाराआड राहते.

सामान कमी घ्या. दारात बॅग तपासतात. ब्रिटिश म्युझियममध्ये चाकांची सुटकेस आतच घेऊ देत नाहीत, त्यामुळे विमानतळावर जाता जाता डोकावून येऊ, हा बेत फसतो. फोटो बहुतेक ठिकाणी चालतात, पण फ्लॅश आणि ट्रायपॉड नाही.

आत गेल्यावर सरळ ठरलेल्या दालनात जा. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रेट रसेल स्ट्रीटवरच्या मुख्य दाराशी रांग दिसली तर वळसा घालून माँटेग्यू प्लेसच्या मागच्या दारी जा. तिथे रांग सहसा लहान असते. शिवाय चीन आणि दक्षिण आशियाचं दालन क्रमांक ३३ आणि त्याला लागून असलेलं ३३ अ तिथून जवळ आहेत. ३३ अ मध्ये आंध्रातल्या अमरावतीच्या बौद्ध स्तूपाची चुनखडीतली शिल्पं आहेत. आपल्याकडच्या माणसाने पहिली फेरी इथेच करावी, कारण कथा ओळखीच्या असल्या की पाटी वाचण्यात वेळ जात नाही.

एकच मजकूर तीन लिप्यांत कोरलेली प्राचीन इजिप्तमधली रोझेटा शिळा दालन क्रमांक ४ मध्ये आहे आणि तिच्यासमोर कायम घोळका असतो. समोर जागा मिळेपर्यंत बाजूला उभे राहा. शिळेच्या कडेवर रंगवलेली इंग्रजी अक्षरं तिथूनच दिसतात: १८०१ मध्ये ब्रिटिश सैन्याने इजिप्तमध्ये हस्तगत केली, असं तिथे लिहिलंय. तीन लिप्यांचा मजकूर सगळेच बघतात, ही ओळ फार थोडे वाचतात. वस्तू इथपर्यंत कशी आली हा प्रश्न या शहरात प्रत्येक काचेपुढे विचारावा असाच आहे.

नॅशनल गॅलरीत एका चित्रापुढे दहा मिनिटं थांबून बघा. यान व्हान आयक या चित्रकाराचं आर्नोल्फिनी दांपत्याचं चित्र (१४३४) जेमतेम ८२ सेंटिमीटर उंच आहे. मागच्या भिंतीवरच्या गोल आरशात जोडप्याची पाठ दिसते आणि दारात उभी असलेली आणखी दोन माणसंही. आरशाच्या चौकटीवर दहा इवली वर्तुळं आहेत, प्रत्येकात ख्रिस्ताच्या यातनांचा एकेक प्रसंग. मोबाइलवर यातलं काही हाती लागत नाही.

पैसे कुठे लागतात? विशेष प्रदर्शनांना. त्यांची तिकिटं महाग असतात. वर्षात तीन-चार प्रदर्शनं बघणार असाल तर त्या म्युझियमचं सभासदत्व किंवा अनेक ठिकाणी सवलत देणारा नॅशनल आर्ट पास, यांचा हिशेब आधी मांडा. ब्रिटिश म्युझियमच्या प्रदर्शनांत मोठ्यांच्या तिकिटावर १६ वर्षांखालच्या मुलांना मोफत सोडतात.

सवय झाली की गोदामात जा. पूर्व लंडनमधलं व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाउस मे २०२५ मध्ये उघडलं. इथे प्रदर्शनात न मांडलेली वस्तू मागवून जवळून बघता येते, तीही मोफत. व्ही अँड एच्या ऑनलाइन सूचीत जुनं कापड, शाल, जे हवं ते शोधा, ती वस्तू स्टोअरहाउसमध्येच आहे का ते तपासा आणि मागणी नोंदवा. एका भेटीत पाच वस्तूंपर्यंत मागवता येतात. किमान दोन आठवडे आधी वेळ घ्यावी लागते, त्यामुळे चार दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याला हे सहसा जमत नाही. तुम्हाला मात्र सहज जमेल.