'पॅल'चा अर्थ आणि मूळ सांगताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक म्हणजे आवाज जुळला की लगेच व्युत्पत्ती ठोकून द्यायची. इंग्रजीत मित्राला 'पॅल' (pal) म्हणतात, तो म्हणे 'पालक'वरून आला, सांभाळतो तो मित्र. हे फॉरवर्ड सगळीकडे फिरतं, आणि ओळखीतल्या एका मुलीने तेच वक्तृत्वाच्या भाषणात घेतलं, परीक्षकांनी आधार विचारला तर बिचारी गप्प उभी.

वाईट याचं वाटतं की खरी गोष्ट याहून कितीतरी भारी आहे. पॅल इंग्रजीत आला रोमानी भाषेतून, म्हणजे युरोपभर पसरलेल्या रोमा लोकांच्या भाषेतून, १६८०च्या दशकापासून तो लेखी सापडतो. रोमा लोकांचे पूर्वज साधारण हजारेक वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले, त्यांच्या बोलीत 'फ्राल' म्हणजे भाऊ, इंग्लंडातल्या रोमांच्या तोंडी त्याचंच प्राल, पॅल झालं. म्हणजे संस्कृत भ्रातृ, आपला भाऊ आणि हा पॅल एकाच मुळाचे. आणि हे नुसतं कानाला बरं वाटतं म्हणून नाही. रोमानीत भ चा फ होतो, घ चा ख होतो, म्हणून भगिनीची 'फेन' आणि घराचं 'खेर'. मधल्या त चा ल होतो, म्हणून मृत तो 'मुलो', आणि भ्राताचा फ्राल. माझी सवय हीच, एक शब्द जुळला तर सोडून द्यायचा, तोच बदल आणखी दोन-तीन शब्दांत दिसला तरच पुढे जायचं. दोन मिनिटांत उत्तर हवं असेल त्यांनी कृपा करून व्युत्पत्तीच्या वाटेला जाऊ नये.

पॅल थेट 'ब्रदर'वरून आला असंही लिहू नका, ते दोघं लांबचे चुलत भाऊ.

रोमांना 'जिप्सी' म्हणणं टाळा. ते इजिप्तचे आहेत या गैरसमजातून आलेलं नाव आहे आणि अनेकांना ते अपमानास्पद वाटतं.

दुसरी मोठी चूक वापरातली. पेन पॅल, म्हणजे पत्रमित्र, गोड आहे, पण अनोळखी माणसाला 'लुक, पॅल' म्हटलं की ती धमकी होते, आपल्याकडे 'ओ भाऊ, नीट बोला' म्हणतात ना, तसंच. नवीनच नोकरीला लागलेल्या एका पोराने लंडनच्या क्लायंटला मेल टाकला, 'लुक पॅल, फाइल पाठवलीये', त्याला 'हे बघ मित्रा' म्हणायचं होतं आणि तिकडून तक्रार थेट मॅनेजरकडे. मी सगळ्यांना एकच सांगतो, समोरचा आधी म्हणेपर्यंत तुम्ही पॅल म्हणू नका, नावाने हाक मारा.

पॅल म्हणजे नुसती टाइमपास दोस्ती, हेही चूक. १९१४ला, पहिल्या महायुद्धात, ब्रिटनमध्ये एकाच गावच्या, एकाच कारखान्यातल्या मित्रांना एकत्र भरती करून पलटणी उभ्या केल्या, त्यांना 'पॅल्स बटालियन' म्हणायचे. अ‍ॅक्रिंग्टन या इंग्लंडातल्या गावच्या पलटणीचे ७००च्या आसपास जण १ जुलै १९१६ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत पुढे गेले, त्यातले ५००हून जास्त मेले, जखमी झाले नाहीतर बेपत्ता. एकेका गल्लीतली पोरं एकाच सकाळी गेली.

आणि हो, मित्रासाठीचा दुसरा इंग्रजी शब्द 'मेट', त्याला बुद्धिबळातल्या चेकमेटशी जोडू नका. चेकमेटमधला मेट 'शाह मात'मधला, मित्रवाला मेट जर्मन कुळातला, मूळ अर्थ एकत्र जेवणारा.